एक इसम, खुर्चीसह

सरकारला स्वतःच्याच मालकीच्या जागा सापडेनाशा झाल्या आहेत, ही बातमी वाचून अर्जकाकांना आनंद झाला. त्यात आकस नव्हता. उलट सरकारला आपली गरज पडली या भावनेने त्यांचा ऊर भरून आला. बातमीत असं होतं की, सरकारी मालकीच्या पण वापरात नसलेल्या जागांची पक्की नोंद करायची मोहीम निघाली आहे. आपल्या आसपास अशी जागा पडून असेल तर नागरिकांनी कळवावं, नोंद झालेल्या जागा लोकोपयोगी कामाला लावल्या जातील. 'लोकोपयोगी' या शब्दाशी काका थबकले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर बाग उभी राहिली. बातमीत बागेचं नावही नव्हतं. पण अर्ज करणाऱ्या माणसाच्या अंगी थोडी कल्पनाशक्ती असावी लागते, नाहीतर पहिल्या अर्जानंतर दुसरा करायची उमेद कुठून आणायची?

आणि काकांची उमेद दांडगी होती. रस्त्यावरचा दिवा, गटाराचं झाकण, पावसात भिजणारा बसथांबा, गंजलेली टपालपेटी अशा नाना विषयांवर त्यांनी अर्ज केले होते आणि ते सगळेच्या सगळे विचाराधीन होते. सरकार आपल्या म्हणण्याचा इतका विचार करतं, याचा काकांना अभिमानच वाटे. अडचण एकच होती, ती म्हणजे काकूंचा भाऊ. या मेहुण्याने उभ्या आयुष्यात एकच अर्ज केला, तोही पेन्सिलीने, आणि त्याच्या गल्लीत गतिरोधक बसला. तेव्हापासून तो जेवायला आला की दुसऱ्या घासाला गतिरोधक काढायचा. "भाऊजी, काल आमच्या गतिरोधकावर एक सायकलवाला आपटला," हे तो अशा कौतुकाने सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, गतिरोधक परीक्षेत पहिला आला आहे. काका तेव्हा मान खाली घालून जेवत. बाग झाली असती तर ती मान वर आली असती, एवढंच.

बागेसाठी जागाही तयार होती. काकांच्या इमारतीमागे सरकारी मालकीचा एक तुकडा कित्येक वर्षं नुसता पडून होता. निदान काकांच्या माहितीप्रमाणे तरी पडून होता. काकांची बसायची खुर्ची पुढच्या गॅलरीत, त्यांचं येणंजाणं पुढच्या जिन्याने, आणि मागची बाजू म्हणजे स्वयंपाकघर. तिथे त्यांचं काही काम नसे. राहायला आले त्या दिवशी त्यांनी मागच्या खिडकीतून एकदा डोकावून पाहिलं होतं आणि गवत दिसलं होतं. गवत एकदा पाहिलं की पुन्हा कशाला पाहायचं, असा त्यांचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी काका जमीन-नोंद कार्यालयात हजर झाले. खिडकीमागे एक बाई बसल्या होत्या. रांगेत कोणीच नव्हतं, म्हणून त्यांनी काकांना थांबायला सांगितलं. बराच वेळ थांबवून झाल्यावर त्यांनी अर्ज हातात घेतला.

"जागा रिकामी आहे म्हणता?"

"संपूर्ण."

"कोणीच वापरत नाही?"

"कोणीही नाही."

"मग तुम्हाला कशी माहीत?"

"आमच्या मागेच आहे ना."

"म्हणजे तुम्ही जाता तिथे."

"छे हो! कधीच जात नाही."

"मग रिकामी आहे हे कशावरून?"

काकांनी आजवर बऱ्याच खिडक्या पाहिल्या होत्या, पण इतक्या कमी शब्दांत त्यांना कोणी गप्प केलं नव्हतं. बाईंनाच त्यांची दया आली असावी. त्या म्हणाल्या, "अहो, लोक काहीही कळवतात. म्हणून पाहणीसाहेब स्वतः येऊन बघतात. त्या वेळी जागा पूर्ण मोकळी दिसली पाहिजे. कोणी आपलं चंबूगबाळं मांडलेलं दिसलं, तर ते अतिक्रमण. ते वेगळं टेबल."

"पाहणी कधी होईल?"

"ते कसं सांगणार? सांगितलं तर लोक तयारी करून ठेवतात."

हे काकांना पटलं. सरकारचं म्हणणं त्यांना नेहमीच पटे. घरी येऊन त्यांनी कपडेसुद्धा बदलले नाहीत. आपली रिकामी जागा एकदा नीट नजरेखालून घालावी म्हणून ते स्वयंपाकघरातून मागच्या जिन्याने खाली उतरले, दार उघडलं आणि उंबऱ्यावरच खिळले. त्या रिकाम्या जागेत पाय ठेवायला जागा नव्हती.

मधोमध मोठं झाड होतं आणि झाडाखाली तळमजल्यावरचा शिंपी मशीन टाकून बसला होता. त्याच्या खोलीत भरदुपारीही सुई ओवता येत नसे, म्हणून तो वर्षानुवर्षं इथेच शिवत होता; काकांच्या अंगावरचा सदराही त्याने याच झाडाखाली बेतला होता. पलीकडे वरच्या मजल्यावरचे दोघे निवृत्त भाऊ खोक्यावर कॅरम मांडून बसले होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर सगळ्या इमारतीचे कपडे. कोपऱ्यात इमारतीतल्याच कंपाउंडरची स्कूटर विटांवर उभी होती. तिचं इंजिन त्याने दुरुस्तीसाठी उघडलं तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते.

"या काका," शिंपी तोंडातली टाचणी सांभाळत म्हणाला. "वाट चुकलात वाटतं?"

काकांचं लक्ष मात्र भिंतीकडे गेलं होतं. तिथे वाफे होते. वाफ्यांत टोमॅटो होते, मिरच्या होत्या, भिंतभर भोपळ्याचा वेल चढला होता आणि त्या हिरवाईत कोपरापर्यंत मातीने माखलेले हात घेऊन काकू बसल्या होत्या.

"अगं, तू इथे?"

"मी इथेच असते. तुम्ही इथे कसे?"

"हे सगळं काय आहे?"

"भोपळा. कालच नाही का खाल्लात?"

"तो बाजारातला ना?"

काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "बाजारात मिळतो का एवढा गोड?"

आपण इतकी वर्षं कुठला भोपळा खातो आहोत हे आपल्याला माहीत नसावं, याने काका क्षणभर ओशाळले. पण क्षणभरच. अर्ज दिलेला होता आणि अर्जात 'संपूर्ण रिकामी' असं लिहिलेलं होतं. आता अर्ज खोटा की जागा खोटी, एवढाच प्रश्न होता. आणि काकांच्या हातून खोटा अर्ज जाणं शक्य नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी जिन्यात सगळ्यांना जमवलं आणि मुद्दा समजावून सांगितला. आत्ता जे चाललं आहे त्याला वापर म्हणत नाहीत, ते म्हणाले. त्याची कुठे नोंदच नाही. ज्याची नोंद नाही ते उद्या कोणी उचलून फेकलं तर दाद कुठे मागणार? थोडे दिवस जागा मोकळी ठेवू, पाहणी होऊ दे, नोंद होऊ दे, की मग सरकारच आपल्याला बाग करून देईल. बाक येतील, नळ येईल, दिवा येईल.

"म्हणजे आहे ते सोडायचं आणि मग तेच मागायचं," काकू म्हणाल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

हे कोणी ऐकलं नाही, कारण तोवर बाकाचं तोंड कुठल्या दिशेला असावं यावर चर्चा सुरू झाली होती. शिंप्याला बाक झाडाखालीच हवा होता, म्हणजे मशीनसमोर गिऱ्हाइकाला बसता येईल. कंपाउंडरचं म्हणणं, बागेत एखादी शेड असतेच, त्या शेडीत स्कूटर राहील. धाकट्या भावाला कारंजं पाहिजे होतं. थोरल्याने कारंज्याला सक्त विरोध केला, कारण पाणी आलं की बेडूक आले आणि बेडूक आले की झोप गेली. शब्दाने शब्द वाढला आणि कारंज्यावरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. बाग अजून व्हायची होती. पण एकूणात ठराव काकांच्या बाजूने लागला, आणि दुसऱ्या दिवशी सगळे हौसेने आवराआवरीला लागले.

काकूंनी टोमॅटो आणि मिरच्यांची रोपं बादल्यांमध्ये लावली. वेलापाशी त्या जरा थांबल्या. "हा मुळासकट उपटला तर जगत नाही," त्या म्हणाल्या.

"बागेत नवा लाव की. सरकारी खत मिळेल."

काकू काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की आपलं म्हणणं पटलं असं काकांना वाटे. संसाराला इतकी वर्षं होऊनही त्यांची ही समजूत शाबूत होती. दुपारपर्यंत जागा लख्ख मोकळी झाली आणि काकांनी मागच्या दारात उभं राहून ती डोळे भरून पाहिली.

पाहणीसाहेब मात्र आले नाहीत. त्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्या दिवशी नाहीत, त्या आठवड्यात नाहीत. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण ओले कपडे घेऊन थांबायची वेळ कोणावर आलेली नसते. जिन्याच्या कठड्यावर, दारांवर, खिडक्यांच्या गजांवर कपडे लोंबू लागले आणि सगळ्या इमारतीला आंबूस वास सुटला. शिंप्याने मशीन जिन्याखाली हलवलं. तिथल्या अंधारात त्याने कंपाउंडरच्या पँटचा एक पाय दुसऱ्याहून आखूड शिवला आणि कंपाउंडर ती काकांना दाखवायला घालूनच आला. त्याची स्कूटर पुढच्या दाराशी आडवी होती, त्यामुळे तो आला तो तिच्यावर चढून, तिला ओलांडूनच आला. कॅरम काकांच्या बैठकीत येऊन पडला. दोघे भाऊ आता एकमेकांशी बोलत नसल्यामुळे, 'राणी कोणाची' हे ते काकांमार्फत एकमेकांना कळवत. काकांचं वर्तमानपत्र चार वेळा वाचायला घेऊन चार वेळा बाजूला ठेवलं जाई. मेहुणा येऊन हे सगळं पाहून गेला आणि "आमच्याकडे कसं, गतिरोधक बसला तेव्हा कोणाला घर सोडावं लागलं नाही," एवढंच म्हणाला.

त्यात आणखी एक घोळ झाला. मोकळी जागा ही मोकळ्या डोक्यासारखी असते, कोणीही यावं आणि काहीही टाकून जावं. एके सकाळी तिथे परक्या कोणाची फाटकी गादी येऊन पडली. दुसऱ्या दिवशी फुटकं सिंक आलं. तिसऱ्या दिवशी सिंकमध्ये मांजर व्याली. काकांनी गादी ओढून नेली, सिंक उचलून नेलं, मांजरीचा संसार स्वतःच्या हाताने हलवला आणि तिचे ओरखडेही सोसले. मग मात्र त्यांनी ठरवलं की, जागा रिकामी राहायला हवी असेल तर तिथे कोणीतरी बसायला हवं. गॅलरीतली खुर्ची त्यांनी खाली नेली, झाडाखाली मांडली, उन्हासाठी छत्री घेतली, चहाचा थर्मास घेतला आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ते त्या रिकामपणाचा पहारा करू लागले. कोणी गवतात थुंकायला वाकलं तरी ते खेकसून उठत.

पाहणीसाहेब आले तेव्हा काकांचा डोळा लागला होता. जाग आली ती खर्र असा आवाज होऊन. एक घामाघूम गृहस्थ त्यांच्या खुर्चीच्या पायापासून भिंतीपर्यंत टेप ओढत होते.

"हे टोक जरा धरता?" गृहस्थ म्हणाले.

आपल्या हातून सरकारचं काम होत आहे या आनंदात काकांनी टेप दोन्ही हातांनी गच्च धरली. बागेची मापं आजच घेतायत, हे काम फारच वेगाने चाललं आहे, असं त्यांना वाटलं. साहेबांनी नाव विचारलं, त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. पत्ता विचारला, पत्ता सांगितला.

"रोज असता इथे?"

"रोज! सकाळपासून. जेवायला तेवढा वर जातो, तेसुद्धा खुर्ची ठेवून."

"दुसरं कोणी येतं?"

"येऊ देतो की काय! मांजरसुद्धा राहू दिलं नाही मी इथे." काकांनी पुरावा म्हणून ओरखडे दाखवले. "आधी सगळी इमारत इथे पसरलेली होती. एकेकाला मी बाहेर काढलं."

साहेबांनी मान डोलावत सगळं उतरवून घेतलं, काकांची सही घेतली, थर्मासमधला चहा घेतला आणि गेले. काका तरंगतच वर आले आणि मेहुण्याला फोन करून 'काम झाल्यात जमा आहे' असं त्यांनी कळवून टाकलं.

काम झालंही. चार दिवसांनी नोटीस आली. सदर सरकारी जागेवर एक इसम, खुर्चीसह, अनधिकृत कब्जा करून असल्याचे, इतर रहिवाशांना त्याने हुसकावून लावल्याचे व तसे त्याने स्वतः अभिमानाने कबूल केल्याचे पाहणीत आढळले होते. छत्री आणि थर्मास यांचाही स्वतंत्र उल्लेख होता. काकांनी नोटीस दोनदा वाचली. पहिल्यांदा हा इसम कोण याचा त्यांना संताप आला, आणि दुसऱ्यांदा वाचताना ते खाली बसले.

ज्या माणसाने आयुष्यात कधी रांग मोडली नाही, रिकाम्या रस्त्यावरसुद्धा जो हिरवा दिवा लागेपर्यंत उभा राहिला, त्याच्या नावावर कब्जा! इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. कंपाउंडरने तोंडावर सहानुभूती दाखवली आणि जिना उतरताना तो आखूड पायावर हसत हसत गेला. शिंप्याने माप घेताना "काका, कब्जेदाराला जरा रुबाबदार कॉलर ठेवू का?" असं विचारलं. सगळ्यांत जिव्हारी लागला तो मेहुणा. तो धावत आला, त्याने काकांचा हात हातात घेतला आणि मनापासून म्हणाला, "भाऊजी, तुमच्यात एवढी धमक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं." इतक्या वर्षांत त्याने काकांचा असा मान कधीच ठेवला नव्हता.

काका पुन्हा खिडकीपाशी गेले. बाईंनी नोटीस वाचली. "उठलात का तिथून?"

"मी तिथे नव्हतोच हो! म्हणजे होतो, पण जागा रिकामी राहावी म्हणून होतो."

"आता उठलात ना?"

"केव्हाच."

"मग पुन्हा पाहणी होईल. पाहणीच्या वेळी तुम्ही जागेवर हजर पाहिजे."

"जागेवर हजर राहिलो तर ते पुन्हा अतिक्रमण नाही होणार?"

बाईंनी विचार केला. "हजर राहा," त्या म्हणाल्या, "पण जागेवर नको."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, असं मनाशी घोकत काका घरी आले. काकू गॅलरीत बादल्यांपाशी बसल्या होत्या. गॅलरीवर दुपारनंतर ऊन येत नसे. टोमॅटोची रोपं माना टाकून पडली होती आणि मिरचीला तर पानच उरलं नव्हतं. काकूंनी एकेक रोप उपटून कागदावर ठेवायला घेतलं होतं. काका आपल्या अपमानाची हकीकत पहिल्यापासून सांगायला लागले. त्या ऐकत होत्या, हात चालू होते. सांगून झाल्यावर काका सवयीने म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"मला विचारताय?" काकू म्हणाल्या. "तुम्हाला राग आला, तो सगळ्या इमारतीला कळला. मला वाईट वाटलं, ते या घरातसुद्धा कोणाला कळलं नाही. मुली लहान होत्या तेव्हापासून मी खाली जाते. दुपारी सगळ्यांची ताटं आवरली की जाते. तिथे मला कोणी हाक मारत नाही, कोणाला चहा नको असतो. माझं असं काय होतं दुसरं? आणि तुम्ही जाऊन लिहून दिलंत, कोणी वापरत नाही."

काकांना मनापासून शरम वाटली. जागेबद्दल त्यांनी सरकारला कळवलं होतं, शेजाऱ्यांना समजावलं होतं, मेहुण्याला फोन केला होता, आणि जिने ती जागा पिकवली तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्यांना माफी मागायची होती. पण त्यांना लिहायची सवय, तोंडाने मागायची नाही, त्यामुळे त्यांच्या तोंडून फक्त "बादल्या मी धुतो" एवढंच बाहेर पडलं. आणि त्यांनी त्या धुतल्या. काकू काही बोलल्या नाहीत, आणि या वेळी ते पटल्यामुळे नव्हे, हे काकांना पहिल्यांदाच समजलं.

दुसऱ्या पाहणीला साहेब चक्क सांगितलेल्या दिवशी आले. काका मागच्या दाराच्या पायरीवर, इस्त्रीची पँट घालून, जागेत बोटसुद्धा जाणार नाही अशा बेताने उभे होते. सगळी इमारत मागच्या खिडक्यांत जमली होती. साहेबांनी एक चक्कर मारली, गवत बुटाने चाचपलं आणि ते खूश झाले.

"वा! सुईसुद्धा नाही. फार बरं केलंत काका, लगेच उठलात. तुमचं नाव खोडतो, जागा रिकाम्यात घालतो, की तुम्ही मोकळे आणि आम्हीही मोकळे."

"आणि बाग?" वरून धाकट्या भावाने विचारलं.

"कसली बाग?"

"लोकोपयोगी," काका म्हणाले. "लोकोपयोगी काम होणार आहे ना?"

"होणार तर! जप्त केलेल्या गाड्या ठेवायला आवार. मागणी येऊन पडलीय कधीची. चारी बाजूंनी उंच भिंत आणि वर काटेरी तारा." साहेबांनी पेन उघडलं. "तुमच्या एका खुर्चीपायी घोडं अडलं होतं. अतिक्रमणाचं प्रकरण चालू असलं की जागेला कोणतंच खातं हात लावू शकत नाही. नाहीतर एव्हाना पाया खणला असता."

गाड्यांचं नाव निघताच सुट्या भागांच्या आशेने कंपाउंडरचा चेहरा उजळला होता, पण बायकोने कोपर मारताच तोही पडला. शिंपी आपल्या झाडाकडे बघत राहिला.

काकांनी पायरीवरूनच विचारलं, "असं प्रकरण चालतं किती?"

"ते कब्जेदारावर आहे," साहेब म्हणाले. "माणूस चिवट असला तर बापाकडून पोराकडे जातं. पण ते लोक वेगळे हो. तुम्ही सभ्य माणूस."

सभ्य माणसाने वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत काकू होत्या. त्या काकांकडे पाहत नव्हत्या, साहेबांकडेही नाही. जिथे वाफे होते त्या उघड्या मातीकडे त्या पाहत होत्या. साहेबांचं पेन कागदाला टेकत होतं. नाव खोडलं जाणार होतं, डाग धुतला जाणार होता, मेहुणा काय म्हणतो तेही मग बघून घेता आलं असतं. काकांना आपलं नाव फार प्यारं होतं. ते पायरीवरून उतरले, साहेबांना वळसा घालून वाफ्यांच्या जागी गेले आणि इस्त्रीच्या पँटनिशी मातीत मांडी घालून बसले.

"काका, हे काय करताय?"

"अतिक्रमण."

"उठा हो, मी नाव खोडत होतो."

"खोडू नका."

"चेष्टा करताय काय? खुर्चीसुद्धा नाही तुमच्याकडे."

"खुर्ची वर आहे," काका म्हणाले. "तिच्यावाचून अडत असेल तर मागवतो." त्यांना आता मजकूर सुचायला लागला होता, आणि मजकूर सुचला की काकांना कोणी थांबवू शकत नसे. "लिहून घ्या. सदर इसम पुनश्च त्याच जागी बसलेला आढळला. समज देऊनही हटला नाही. पुढेही हटण्याचा त्याचा विचार नाही."

साहेबांनी कपाळावर हात मारला, पण लिहायला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच सरकार आपलं म्हणणं शब्दाला शब्द उतरवून घेत आहे, हे काकांच्या लक्षात आलं आणि मातीतला खडा बोचत असूनही त्यांना फार बरं वाटलं. वरून थोरल्या भावाने टाळी वाजवली. धाकट्याने त्याला "हळू, खाली काम चाललंय," असं म्हटलं, आणि कारंज्यानंतरचं दोघांचं ते पहिलं बोलणं ठरलं.

तेवढ्यात मागच्या जिन्यावर पावलं वाजली. काकू दारातून आल्या, साहेबांच्या समोरून सरळ चालत गेल्या आणि काकांच्या शेजारी खाली बसल्या. काकांनी त्यांच्यासाठी सरकून जागा केली.

"बाई, तुम्ही कृपा करून बाजूला व्हा," साहेब काकुळतीला येऊन म्हणाले. "नाहीतर मला यांच्याखाली तुमचंही नाव घालावं लागेल."

"खाली नाही, वर घाला," काकू म्हणाल्या. "हे आत्ता आलेत. मी कितीतरी आधीपासून आहे इथे."